ग्रंथालयाची अबोल रीत

महाविद्यालयाचें नवें वर्ष सुरू झालें, म्हणजे पहिल्या कांहीं आठवड्यांत ग्रंथालयाच्या परिचयाचा एक तास ठेवण्याची पद्धत आतां बऱ्याच देशांत रूढ झाली आहे. ग्रंथपाल नव्या विद्यार्थ्यांना कपाटांच्या रांगांतून फिरवून आणतात; सूची कशी पाहावी, पुस्तकाच्या पाठीवरचे आंकडे कसे वाचावे, संगणकावर लेख कसे शोधावे, हें समजावून देतात; आणि तासाच्या शेवटीं विचारतात, "कोणास कांहीं विचारावयाचें आहे काय?" बहुतेक वेळां कोणीच बोलत नाहीं. तास संपतो, आणि सर्वांस सर्व कांहीं समजलें असें धरून मंडळी आपापल्या कामास लागतात.

ह्या शांततेचा अर्थ काय, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु उच्च शिक्षणाचें दार ज्यांच्यासाठीं नुकतेंच उघडलें आहे, अशा विद्यार्थ्यांचें पुढें काय होतें, हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

एके काळीं महाविद्यालयांत येणारा वर्ग लहान आणि बहुतांशीं एकाच वळणाचा असे. ज्याच्या घरीं पुस्तकांचें एकादें कपाट आहे, ज्याचे वडील किंवा काका पूर्वीं त्याच वास्तूंत शिकून गेले आहेत, असाच तरुण बहुधा तेथें येई. आणि ग्रंथालयांत कसें वागावें हें त्यानें घरींच पाहिलेलें असे. आज ती स्थिति राहिलेली नाहीं. अमेरिकेंतील एकाद्या विद्यापीठाच्या वर्गांत पुण्याहून गेलेली मुलगी, नायजेरियांतून आलेला मुलगा आणि मेक्सिकोहून येऊन तेथें मजुरी करणाऱ्या कुटुंबांतील तरुण शेजारीं शेजारीं बसलेले असतात. इकडे पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांतहि मेळघाटांतील कोरकू बोलणारा विद्यार्थी, नंदुरबारकडील पावरी बोलणारी विद्यार्थिनी, बीडच्या ऊसतोड कामगाराचा मुलगा आणि परदेशांतून शिकावयास आलेला एकादा तरुण असे सर्व एकाच बाकावर भेटूं शकतात. सर्वांना तोच तास, तीच भाषा आणि तोच शेवटचा प्रश्न मिळतो. वरवर पाहतां ही समता होय. परंतु जो तास एकाच घडणीच्या विद्यार्थ्यासाठीं आंखला गेला, तो दुसऱ्यास तितकाच उपयोगी पडेल असें मानणें म्हणजे एकाच मापाचा अंगरखा सर्वांना बसेल असें मानण्यासारखें आहे.

विद्यार्थी कां बोलत नाहींत, ह्याचें एक विचारणीय उत्तर १९८६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. कॉन्स्टन्स मेलन ह्या विदुषींनीं दक्षिणेकडील एका विद्यापीठांतील सुमारें सहा हजार विद्यार्थ्यांचे अनुभव दोन वर्षें अभ्यासले. ग्रंथालयांत जाऊन संशोधन करतांना मनांत काय आलें, हें त्या विद्यार्थ्यांनीं आपल्या शब्दांत लिहून ठेवलेलें होतें. शेंकडा ७५ ते ८५ विद्यार्थ्यांनीं आपल्या पहिल्या अनुभवाचें वर्णन भीतीच्या भाषेंत केलेलें आढळलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या भीतीचें स्वरूप. आपणांसच तेवढें येत नाहीं, बाकीच्यांस येतें. हें न येणें लाजिरवाणें आहे. आणि प्रश्न विचारला कीं ही लाज उघडी पडेल, अशी ती तीन पदरी समजूत होती. ह्या मनःस्थितीस मेलनबाईंनीं 'ग्रंथालयाची धास्ती' अशा अर्थाचें नांव दिलें, आणि पुढें तें त्या शास्त्रांत कायम झालें.

ज्या वर्गांत प्रत्येकालाच शेजारी जाणता वाटतो, त्या वर्गांत कोणीहि हात वर करीत नाहीं, हें ओघानेंच आलें. आपल्याच देशांत आणि आपल्याच भाषेंत शिकणाऱ्यांची ही गोष्ट असेल, तर जो परक्या भाषेंत व परक्या रीतिरिवाजांत जाऊन पडला, त्याच्या मनाची कल्पना सहज करतां येईल. आपला उच्चार हंसण्यावारी नेला जाईल, आपल्या एका चुकीवरून आपल्या सबंध समाजाची परीक्षा होईल, हें भय त्याच्या बाबतींत वर आणखी असतें.

आतां असें कोणी म्हणेल कीं, ग्रंथपालानें सर्व सांगितलेंच आहे, मग अडतें कोठें? अडतें तें सांगितलेल्या गोष्टींत नव्हे, तर न सांगितलेल्या गोष्टींत. प्रत्येक घराच्या कांहीं रीती असतात. त्या घरांतल्यांस सांगाव्या लागत नाहींत, आणि पाहुण्यास कोणी सांगत नाहीं. ग्रंथालयाचेंहि तसेंच आहे.

आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत आजहि पुस्तकांचीं कपाटें विद्यार्थ्याच्या हाताशीं नसतात. सूचींतून क्रमांक शोधावयाचा, मागणी-चिठ्ठी भरावयाची, देवघेवीच्या टेबलापाशीं उभें राहावयाचें आणि शिपायानें आंतून आणलेलें पुस्तक घ्यावयाचें, ही त्याची संवय. तोच विद्यार्थी अमेरिकेंत गेला म्हणजे त्याला पांच मजली इमारतींत लाखों पुस्तकांमध्यें मोकळें सोडण्यांत येतें. आंत शिरण्याची परवानगी आहे, पुस्तक स्वतः काढावयाचें आहे, पण पाहून झाल्यावर तें कपाटांत परत ठेवावयाचें नसून नेमलेल्या टेबलावर ठेवावयाचें आहे, ह्यांतलें कांहींच त्याला ठाऊक नसतें. दाराशीं घुटमळणाऱ्या ह्या तरुणास पाहून दुसऱ्याला वाटतें कीं ह्याला वाचनाची आवड नाहीं.

ग्रंथपालाविषयींच्या कल्पनेंतहि असाच फरक पडतो. जेथें पुस्तक हरवल्यास दाखल नोंदवही पुढें करून ग्रंथपालासच जाब विचारण्याची वहिवाट आहे, तेथें तो पुस्तकांचा राखणदार होऊन बसतो. विद्यार्थी त्याच्याकडे जपूनच जातो. उलट, वाचकास आपण होऊन साहाय्य करणें हें ग्रंथपालाचें काम आहे, हा विचार अमेरिकेंत १८७६ सालीं सॅम्युएल ग्रीन ह्यांनीं स्पष्टपणें मांडला, आणि त्यांतूनच पुढें संदर्भसेवा ही निराळी शाखा वाढली. तेथें टेबलामागें बसलेला माणूस प्रश्नांची वाटच पाहत असतो, आणि त्याबद्दल एक पैसाहि आकारला जात नाहीं. परंतु हें ज्याला कोणीं सांगितलें नाहीं, त्यानें तें कोठून जाणावें? "हे कामांत दिसतात, त्यांना कशाला त्रास द्या," असें म्हणून तो मागें फिरतो. ज्या शालीनतेची घरीं वाहवा झाली, तीच येथें त्याच्या आड येते.

भाषेचा घोटाळा तर पदोपदीं होतो. तेथील ग्रंथालयांत अमुक पुस्तक 'रिझर्व्ह'वर आहे असें म्हणतात; त्याचा अर्थ तें वर्गांतील सर्वांस थोड्या थोड्या वेळासाठीं मिळावें म्हणून मुद्दाम बाजूस काढून ठेवलें आहे असा होतो. आगगाडीच्या रिझर्व्हेशनवर वाढलेला आपला विद्यार्थी समजतो कीं तें दुसऱ्याच कोणासाठीं राखून ठेवलें आहे, आणि निमूटपणें परततो. 'सर्क्युलेशन' ह्या शब्दानें त्याला शरीरशास्त्रांतील रुधिराभिसरण आठवतें. इंग्रजी उत्तम येणाऱ्यासहि हे शब्द अडवितात. कारण ते नुसते इंग्रजी नाहींत, ते त्या घरचे शब्द आहेत.

नांवांची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. आडनांव आधीं व नांव मागून, हा सूचींचा सर्वसाधारण नियम. परंतु आइसलंडांत किंवा ब्रह्मदेशांत आपल्यासारखें कुलनाम नसतें; अनेक तामिळ माणसें बापाच्या नांवाचें आद्याक्षरच तेवढें लावतात; चिनी माणूस कुलनाम मुळांतच आधीं लिहितो. गाब्रिएल गार्सिया मार्केस ह्या कादंबरीकाराचीं पुस्तकें मार्केस ह्या नांवाखालीं शोधणारा निराश होतो, कारण स्पॅनिश रीतीप्रमाणें त्यांची जागा गार्सिया येथें आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हें मराठी घरांत मुलांनाहि ठाऊक असतें. परदेशांतील सूचीकारास तें मुद्दाम शिकावें लागतें.

मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचें एक उदाहरण येथें देण्यासारखें आहे. अमेरिकेंतील मोठ्या विद्यापीठांत मराठी पुस्तकांचा चांगला संग्रह आहे. त्याची पार्श्वभूमि अशी कीं, भारतास १९५४ च्या एका कायद्यान्वयें विकलेल्या धान्याचे जे रुपये अमेरिकन सरकारच्या खातीं येथें सांठले, त्यांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तकें खरेदी करून तिकडील ग्रंथालयांना पाठविण्यांत येऊं लागलीं. म्हणजे गहूं इकडे आला आणि ग्रंथ तिकडे गेले. परंतु तेथें गेलेला मराठी विद्यार्थी सूचींत तेंडुलकर हें आडनांव नेहमींच्या इंग्रजी वळणानें घालतो, तेव्हां तें कित्येकदां सांपडत नाहीं. कारण तेथील लिप्यंतराच्या नियमाप्रमाणें प्रत्येक अक्षरांतील अकार लिहावयाचा असतो. 'ल'च्या पुढें आणि अखेरच्या 'र'च्या पुढेंहि. आपण ज्याचा उच्चार करीत नाहीं तो अकार सूचींत ठाण मांडून बसलेला असतो. देवनागरी लिपींतील नोंदी आतां बऱ्याच ठिकाणीं जोडल्या गेल्या आहेत, पण सर्व जुन्या पुस्तकांना तें भाग्य लाभलेलें नाहीं. आपल्याच भाषेचीं पुस्तकें ह्या इमारतींत नाहींत, असा समज करून घेऊन तो विद्यार्थी परततो. आणि तीं मात्र दोन मजले वर धूळ खात उभीं असतात. परिचयाच्या तासाला हा एक नियम कोणीं दोन मिनिटांत सांगितला असता, तर केवढें काम झालें असतें!

येथवर सांगितलेल्या गोष्टी अज्ञानाच्या झाल्या. ह्याहून नाजूक असा एक भाग आहे, आणि तो म्हणजे ग्रंथालयाची रचनाच पुष्कळदां निःपक्षपाती नसते. मेल्व्हिल ड्यूई ह्यांनीं १८७६ सालीं सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून दशांश पद्धतीचें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. तें सोईचें असल्यामुळें जगभर पसरलें, आणि आपल्या बहुतेक महाविद्यालयांतहि तेंच चालतें. त्यांतील २०० हा वर्ग धर्माचा. त्यांत २२० पासून २८० पर्यंतचीं दालनें ख्रिस्ती धर्मास दिलेलीं आहेत. आणि जगांतील उरलेले सारे धर्म २९० ह्या एका खोलींत दाटीनें बसविले आहेत. बौद्ध धर्म २९४.३, हिंदु धर्म २९४.५, इस्लाम २९७. वाङ्मयाचीहि तीच गत. प्रत्यक्ष महाराष्ट्रांतील महाविद्यालयांत मराठी वाङ्मय ८९१.४६ ह्या अंकावर, म्हणजे 'इतर भाषा' ह्या शेंपटाशीं उभें असतें. स्थानिक वाङ्मयास अग्रस्थान देण्याची मुभा त्या पद्धतींतच ठेवलेली आहे, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

ह्या रचनेला जाणीवपूर्वक हात घालणाऱ्यांत डोरोथी पोर्टर ह्यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठांत, जेथें मुख्यतः कृष्णवर्णी विद्यार्थी शिकत, त्या १९३० पासून ग्रंथपाल होत्या. त्या काळच्या ग्रंथालयांत कृष्णवर्णी लेखकाचें पुस्तक कवितेचें असो कीं इतिहासाचें असो, तें गुलामगिरी किंवा वसाहत ह्या विषयांच्या अंकाखालीं टाकून देण्याचा प्रघात होता. पोर्टरबाईंनीं तो मोडला. काव्य काव्यांत आणि इतिहास इतिहासांत, हा साधा न्याय त्यांनीं त्या ग्रंथांना मिळवून दिला. आपल्या समाजाचा कवि कवींच्या रांगेंत उभा आहे, हें पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालय परकें कसें वाटेल? कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या एका शाखा-ग्रंथालयांतहि, मोहॉक ह्या आदिवासी समाजांतील ग्रंथपाल ब्रायन डीअर ह्यांनीं १९७० च्या दशकांत रचलेल्या वर्गीकरणाच्या आधारें आदिवासींविषयींचे ग्रंथ लावलेले आहेत.

अलीकडची गोष्ट डार्टमथ महाविद्यालयाची. परवान्यावांचून अमेरिकेंत राहणाऱ्या लोकांविषयीं अभ्यास करणाऱ्या तेथील एका विद्यार्थिनीस असें दिसून आलें कीं, सूचींत हीं सारीं पुस्तकें 'बेकायदा परके' अशा अर्थाच्या मथळ्याखालीं नोंदलेलीं आहेत. ज्यांत स्वतःचे आप्तेष्ट येतात, अशा लोकांस संबोधण्याचा हा शब्द विद्यार्थ्यांस खटकला. त्यांनीं २०१४ सालीं ग्रंथपालांच्या साहाय्यानें काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे बदलाची मागणी केली. २०१६ सालीं ती मान्य होण्याच्या बेतांत असतां राजकीय विरोध उभा राहिला. अखेर २०२१ च्या नोव्हेंबरांत तो मथळा काढून 'नागरिक नसलेले' व 'बेकायदा स्थलांतर' अशा अर्थाचे दोन मथळे घालण्यांत आले. सूची ही देवानें लिहून दिलेली नाहीं, माणसांनीं केलेली आहे, आणि माणसांना ती सुधारतांहि येते, हा धडा त्या विद्यार्थ्यांना कोणत्या पाठ्यपुस्तकांत मिळाला असता? म्हणून परिचयाच्या तासाला ग्रंथपालानें हे दोष झांकूं नयेत. "ही रचना सोईची आहे, परंतु ती एका काळीं एका समाजानें केली, तींत तुमचा विषय कदाचित् अडगळींत सांपडेल, आणि तो कसा काढावयाचा हें आपण पाहूं," एवढें म्हटल्यानें विद्यार्थ्याच्या मनावरचें ओझें उतरतें. न सांपडल्याचा दोष आपल्या बुद्धीकडे नाहीं, हें त्याला कळतें.

आतां घरच्या परिस्थितीकडे वळूं. ग्रंथालयानें वाचकाकडे चालून गेलें पाहिजे, हा विचार आपल्या देशाला नवा नाहीं. सयाजीराव गायकवाड महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयें उभारलीं. पेट्यांतून फिरतीं वाचनालयें खेड्यापाड्यांत पाठविलीं. आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठीं चित्रांची सोय केली. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले गणिताचे प्राध्यापक रंगनाथन् ह्यांनीं १९३१ सालीं आपले पांच नियम मांडले. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, असा त्यांतील दुसऱ्या नियमाचा आशय आहे. त्यांतील 'प्रत्येक' ह्या शब्दावर जितका जोर द्यावा तितका थोडाच.

हा 'प्रत्येक' आज कोण आहे, तें एका उदाहरणानें पाहूं. बीड जिल्ह्यांतील एक विद्यार्थी ऊसतोड कामगारांवर निबंध लिहावयास घेतो. त्या जीवनाची त्याला जी माहिती आहे, ती वर्गांत दुसऱ्या कोणासहि नाहीं. 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवराबायकोची एक जोडी. 'उचल' म्हणजे हंगामापूर्वीं घेतलेली आगाऊ रक्कम. आणि 'मुकादम' म्हणजे ती देणारा व टोळी नेणारा मनुष्य, हें तो जाणतो. तो सूचींत हे शब्द घालतो, आणि सूची कोरी पाटी दाखविते. कारण तिच्या लेखीं हा विषय 'स्थलांतरित मजूर', 'हंगामी मजुरी', 'कर्जबांधिलकी' अशा इंग्रजी मथळ्यांखालीं विखुरलेला आहे. येथें शिकवावयाची विद्या कोणती? घरचा शब्द आणि सूचीचा शब्द ह्यांच्यामध्यें पूल कसा बांधावा, ही. फळ्यावर एका बाजूस विद्यार्थ्यांनीं आपले शब्द लिहावे, दुसऱ्या बाजूस ग्रंथपालानें सूचीचे शब्द मांडावे, आणि दोहोंच्या जोड्या लावाव्या. 'दुष्काळ' हा एक शब्द घेतला तरी इंग्रजींत पावसाचा दुष्काळ निराळा आणि अन्नाचा निराळा. १९७२ च्या दुष्काळाची माहिती हवी असेल तर दोन्हीकडे शोधावें लागतें, आणि शिवाय १९७७ च्या रोजगार हमी कायद्याच्या मथळ्याखालींहि पाहावें लागतें. ज्याच्या आजीनें त्या सालीं खडी फोडली आहे, तो विद्यार्थी ह्या तासाला मागें बसणार नाहीं. तोच पुढें येऊन सांगूं लागेल.

ह्याच कारणास्तव उदाहरणें निवडतांना विचार केला पाहिजे. परदेशी पाठ्यपुस्तकांतून उचललेला, तिकडच्या खेळांचा किंवा सणांचा दाखला घेऊन शोधाची रीत शिकविली, म्हणजे विद्यार्थ्याला एकाच वेळीं दोन अनोळखी गोष्टींशीं झुंजावें लागतें. तसेंच इंग्रजी साधनांबरोबर आपलींहि साधनें दाखविलीं पाहिजेत. शंकर गणेश दाते ह्यांची मराठी ग्रंथसूचि १८०० सालापासून १९५० पर्यंतच्या मुद्रित मराठी ग्रंथांचा ठाव देते. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश हे तर हाताशींच आहेत. विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा' ह्या संगणकीय संग्रहांत पाहावयास मिळतात. आपल्या भाषेंतहि संशोधनाची परंपरा आहे, हें ज्याला दिसलें, तो इंग्रजी साधनांकडेहि अधिक धिटाईनें जातो.

संदर्भ देण्याच्या शिस्तीबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. दुसऱ्याचें वाक्य नांवावांचून घेतलें तर ती चोरी, असें पहिल्याच दिवशीं दरडावून सांगण्याची पद्धत आहे. ज्याला शाळेंत पुस्तकांतील उत्तर जसेंच्या तसें लिहिल्याबद्दल पूर्ण गुण मिळाले, तो ह्या दरडावणीनें केवळ घाबरतो. त्याला त्याच्याच परंपरेंतून ही गोष्ट सांगतां येईल. वारकरी कीर्तनकार एकादा सिद्धांत मांडतो, तेव्हां त्याला संतवचनाचें 'प्रमाण' देतो. अभंगाच्या शेवटीं कर्त्याच्या नांवाची मुद्रा असते, आणि ती गाळलेली कोणासहि खपत नाहीं. शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचें मत पूर्वपक्ष म्हणून आधीं मांडूनच उत्तर द्यावयाचें असतें. इस्लामी विद्येंत हदीस सांगतांना ती कोणाकडून कोणाकडे आली, ती नामावळी सांगण्याचा दंडक आहे. तळटीप ही ह्याच कुळांतली. विद्वानांच्या चाललेल्या संवादांत आपण कोणाचें ऐकून काय बोलत आहों, हें सांगण्याची ती सभ्य रीत होय. १९८० किंवा २००० सालच्या विद्यार्थ्यापेक्षां आजच्या विद्यार्थ्यास ह्या शिस्तीची अधिक गरज आहे. कारण आज संगणकयंत्र क्षणांत तयार उत्तर लिहून देतें, आणि तें कोणाच्या प्रमाणावर उभें आहे हें पाहण्याची दृष्टि ज्याच्यापाशीं नाहीं, तो सहज फसतो.

ह्या साऱ्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, इतकें लाडावून ठेवल्यानें दर्जा खालावतो. ज्याला ज्ञानाची तहान आहे तो वाट काढतोच. ह्यासाठीं डॉ. आंबेडकरांचा दाखला देतात. १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेलेल्या त्या तरुणाच्या ग्रंथप्रेमाची आठवण सर्वांनीं ठेवावी हें योग्यच. परंतु असामान्य पुरुष अडथळे ओलांडून गेला, म्हणून अडथळे तसेच ठेवावे, असें अनुमान त्यांतून निघत नाहीं. संस्थेची परीक्षा तिच्यांतून तरून गेलेल्या एकावरून नव्हे, तर दाराशीं घुटमळून परत गेलेल्या अनेकांवरून करावयास पाहिजे. शिवाय रीत सांगितल्यानें दर्जा उतरत नाहीं. निबंधाची कसोटी तीच राहते, फक्त तिच्यापर्यंत पोंचण्याची वाट सर्वांस दिसते.

दुसरा आक्षेप उलट दिशेनें येतो, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांचा विचार करूं लागलें कीं, अमक्या देशाचे विद्यार्थी अबोल, तमक्या जातीचे पाठांतरी, असे ठोकताळे बांधण्याचा मोह होतो. हें टाळलेंच पाहिजे. पुण्याची एकादी मुलगी ग्रंथालयांत घाबरेल आणि गडचिरोलीची निर्धास्त वावरेल, असेंहि घडतें. म्हणून 'मागासलेल्यांसाठीं' निराळा तास काढणें हा उपाय नव्हे. त्यानें ज्याला लपवावयाचें होतें तेंच चव्हाट्यावर येतें. सर्वांच्याच तासाला सर्व रीती मोकळेपणानें सांगाव्या. ज्यांना ठाऊक आहेत त्यांचें कांहीं बिघडत नाहीं, आणि ज्यांना ठाऊक नाहींत त्यांना कोणी बोट दाखवीत नाहीं.

प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहींत. शब्दांची एक यादी, मराठींत व शक्य तेथें विद्यार्थ्यांच्या इतर भाषांत, दाराशीं लावतां येते. एकाच तासांत सर्व कोंबण्याऐवजीं पहिल्या दिवशीं केवळ ओळख, आणि निबंध लिहावयाच्या वेळीं शोधाची रीत, अशी विभागणी करतां येते. कारण गरज नसतांना ऐकलेलें गरजेच्या वेळीं आठवत नाहीं. वरच्या वर्गांतील, तशाच घरांतून आलेल्या एकाद्या विद्यार्थ्यास मदतीस बसवितां येतें. त्याच्याशीं बोलतांना नवख्यास उच्चाराचें भय वाटत नाहीं. ग्रंथपालानें "मलाहि पहिल्या वर्षीं हा अंक समजला नव्हता" असें एक वाक्य बोलावें. मेलनबाईंनीं वर्णिलेल्या त्या तीन पदरी समजुतीचा एक पदर तेवढ्यानें सुटतो.

आणि तासाच्या शेवटीं? तेथें "कोणास कांहीं विचारावयाचें आहे काय?" हा प्रश्न टाकून उत्तराची वाट पाहण्यापेक्षां प्रत्येकाच्या हातीं कागदाचा एक कपटा द्यावा, आणि जें समजलें नाहीं तें, नांव न घालतां, कोणत्याहि भाषेंत लिहावयास सांगावें. मग ते कपटे मोठ्यानें वाचून एकेकाचें उत्तर द्यावें. पुस्तक घरीं नेल्यास पैसे पडतात काय. हरवलें तर परीक्षेस बसूं देतात काय. आंत जातांना चपला काढावयाच्या काय. असे प्रश्न त्यांत निघतील. कोणी हंसूं नये. ह्यांतील एकेका प्रश्नामागें एक विद्यार्थी महिनोन् महिने दाराबाहेर उभा राहिलेला असतो. आपलाच प्रश्न दुसऱ्याच्याहि कपट्यावर होता, हें त्या दिवशीं त्याला प्रथमच कळेल. आणि दुसऱ्या दिवशीं तो आंत येईल.